भूकंपानंतर कपडे नको, पैसे पाठवा

6 फेब्रुवारी 2023 ला पहाटे तुर्की-सीरियात 7.8 चा भूकंप झाला, साधारण नऊ तासांनी परत 7.5 चा, 50 हजारांवर माणसं गेली. असं काही ऐकलं की पहिलं सुचतं ते कपाटातले जुने कपडे गोळा करायचं. प्लीज नका पाठवू! ते निवडायला माणसं लागतात, गोडाऊन लागतं, ट्रक लागतो, आणि तोच ट्रक तेव्हा तंबू न्यायला हवा असतो. पैसे दिले की तिथली संस्था जवळपासच्या बाजारातून हवं तेच घेते, तिथल्या दुकानदारांचंही चालतं.

सीरियात तर हाल जास्तच, वायव्य भागात यूएनच्या मदतीला तेव्हा तुर्कीच्या सीमेवरची बाब अल-हवा ही एकच वाट मंजूर होती, पहिला ताफा पोचला 9 तारखेला, तोवर ढिगारे उपसत होते ते व्हाइट हेल्मेट्सवाले, म्हणजे बचावकाम करणारी तिथलीच माणसं. म्हणून मला मनापासून वाटतं, आधीपासून तिथे काम करणाऱ्यांनाच द्या.

फॉरवर्ड आलेल्या क्यूआर कोडवर काही टाकू नका, संस्थेच्या साइटवर स्वतः जा. आणि थोडे पैसे सहा महिन्यांनी द्यायला बाजूला ठेवा, बातम्या थांबल्या की देणग्या आटतात पण घरं तेव्हाही बांधायचीच असतात.