डबल सिलिंडर, तात्यांची विहीर आणि हलंना झालेला काटा

मालवण-तारकर्लीला जाऊन आजपर्यंत जेवढं डायव्हिंग केलं ते सगळं एका सिलिंडरवर. डबलचं, म्हणजे पाठीवर दोन सिलिंडर जोडून जायचं, खूळ दाजींमुळं डोक्यात शिरलं. दाजी तिकडंच डायव्हमास्टर, म्हणजे लोकांना डायव्हिंगला नेणारे, आहेत, ते भरलेला सेट गाडीत टाकून कोल्हापूरला आले आणि म्हणाले समुद्रात लाटा सांभाळत शिकण्यापेक्षा तात्यांच्या विहिरीतच शिक. विहीर आमची जुनी, पायऱ्यांची, पाणी चाळीस-पंचेचाळीस फूट. तात्या तयार झाले पण एका अटीवर, खाली जाताय तर मोटरीच्या फुटवॉलमधला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या तोंडाच्या व्हॉल्व्हमधला, कचरा काढून द्यायचा. स्टार्टरचा फ्यूज काढून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला, मगच आम्हाला पायरी उतरू दिली.

आता वजन. अॅल्युमिनियमचे 11 लिटरचे दोन सिलिंडर, मागं स्टीलची प्लेट, पट्टे, तोंडात धरून श्वास घ्यायचे दोन रेग्युलेटर, सगळं मिळून चाळीस किलोच्या वर जातंय राव! उसाची मोळी डोक्यावर घेतल्यावर मान आखडते तसं इथं कंबर. शेवाळलेल्या पायऱ्यांवरनं हे घेऊन उतरणं म्हणजे कपाळमोक्षच, म्हणून सेट दोरानं पाण्यात सोडला आणि मी पाण्यातच अंगावर चढवला. पाणी गोडं, त्यामुळं समुद्रात लावतो तेवढी शिशाची वजनं लागली नाहीत. कोल्हापूर 550 मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि 300 मीटरच्या वर गेलं की पाण्याखाली किती वेळ थांबायचं त्याचा हिशोब बदलतो, म्हणून दाजींनी आधी तो हिशोब ठेवणारा डायव्ह कॉम्प्युटर तपासून घेतला.

पाण्यात गेल्यावर वजन गायब. पण कूस बदलायला गेलो की सिलिंडर मलाच फिरवायला लागले, दोनदा उताणा झालो आणि खालचा गाळ उठवून ठेवला. वरनं पोरं हसत असणार, ऐकू येत नव्हतं एवढंच सुख. मग जरा स्थिर झालो आणि सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज बघितला, 200 बार. दहा मिनिटांनी 200. पंधरा मिनिटांनी पण 200! मी मनात खूश, म्हटलं श्वास काय कंट्रोलमधे आलाय आपला, नाद खुळा.

तेवढ्यात दाजींनी व्हॉल्व्ह ड्रिलची खूण केली. डबलचं खरं काम हेच, जास्त हवा हा वरचा फायदा. एक रेग्युलेटर बिघडला तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दोन्ही सिलिंडरची हवा दुसऱ्यातनं घ्यायची, आणि दोन सिलिंडर जोडणाऱ्या नळीतच गळती असली तर त्या नळीवरचा मधला व्हॉल्व्ह, म्हणजे आयसोलेटर, बंद करून निम्मी तरी हवा वाचवायची. हे सगळं मानेमागं हात घालून, न बघता. माझा हात पाठ खाजवायला पुरत नाही तिथं व्हॉल्व्हपर्यंत काय पुरणार, पण ओढून ताणून उजवा झाला. मग आयसोलेटर बंद करायला गेलो तर फिरंनाच. दाजींनी मागं येऊन बघितलं आणि त्यांचे डोळे मास्कमधे मोठे झालेले मला दिसले. तो आधीच बंद होता!

गाडीत ठेवताना मीच बंद केला होता आणि जोडताना उघडायचं विसरलो. म्हणजे मी उजव्या सिलिंडरमधनं श्वास घेत होतो आणि गेज डाव्याला जोडलेला, काटा हलणार कसा? दाजींनी आयसोलेटर हळू उघडला, मानेमागं फुस्स आवाज झाला आणि काटा माझ्यासमोर 200 वरनं 170 वर आला. म्हणजे उजव्यात 140 राहिले होते, साठ बार मी गेजला न कळवता पिऊन बसलो होतो. विहिरीत काही झालं नसतं, पण खोल समुद्रात तो उजवा संपेपर्यंत मी काट्यावर खूश राहिलो असतो आणि मग गोंधळ उडाला असता.

ड्रिल तीनदा केलं, दाजींनी प्रत्येक वेळी आयसोलेटर मलाच हातानं चाचपायला लावला. खांदा दोन दिवस दुखत होता.

वर आलो तर तात्या काठावर बसलेले. "काय पाव्हणं, फुटवॉल निघाला का?" दाजी माझ्याकडं, मी दाजींकडं. त्याची आठवणच कुणाला नव्हती. मग मी एकच सिलिंडर लावून परत खाली गेलो, ते काम दहा मिनिटांत झालं आणि वर येईस्तोवर तात्यांनी फ्यूज काय खिशातनं काढला नाही.