तिखट नेमकं कुणाचं?

मावशीच्या खळ्यात दर हिवाळ्यात भरिताचा बेत असतो. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर टोचे मारलेली वांगी, मग सोललेला गर लाकडी उखळीत ठेचायचा आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे यांच्या फोडणीत टाकायचा. सोबत कळण्याची भाकरी. अमळनेर तालुक्यातल्या त्या खळ्यात मी लहानपणापासून जेवतोय. यंदा मात्र पहिल्याच घासाला ठसका लागला.

"मावशी, जाम तिखट झालंय."

"काय तिखट शे?" तिने बोट चाटून पाहिलं. "माले ते फिकं लागस."

मावसभाऊ म्हणाला, बेताचं आहे. त्याची सहा वर्षांची पोर डोळे पुसत, नाक ओढत खातच होती. तिला कुणी विचारलं नाही. टोप एकच, भरीत एकच. मग खरं काय?

खरं तर तिखट ही चवच नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चिकटतं, तो आहे उष्णता ओळखायला. साधारण 43 अंशांच्या पुढे तो जागा होतो. 1997 मध्ये हा संवेदक सापडला आणि त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. (मे महिन्यात आमच्या भुसावळात 43 अंश म्हणजे जरा बरा दिवस, पण ते असो.) म्हणजे मिरची मेंदूला चक्क थाप मारते, की तोंडात आग लागलीय. थर्मामीटर धरा, पारा हलणार नाही. कपाळावरून ओघळणारा घाम मात्र खरा. शेतातले राघू तीच मिरची मजेत फोडून खातात, कारण पक्ष्यांच्या संवेदकावर कॅप्सेसिनचा काही परिणाम होत नाही. राघूच्या जगात तिखट नावाची गोष्टच नाही.

पण ते मोजता येतं ना? येतं. 1912 मध्ये विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. तिखटाचं पहिलं माप म्हणजे चार जिभांची पंचायतच! आता यंत्र कॅप्सेसिनचा नेमका आकडा देतं, आणि तो माझ्या, मावशीच्या, राघूच्या मिरचीला सारखाच. तरी मावशीचं 'फिकं' काही खोटं पडत नाही. रोज मिरची पडून तिची जीभ सरावलीय. माझी वीस वर्षं पुण्यात गेली, तिथल्या आमटीने माझी जीभ पार नाजूक करून ठेवली. हे मी तिला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "पाणी पे."

प्यायलो. उलट आणखी पसरलं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. त्याला दही-दूध लागतं. ते माहीत असूनही मी तांब्या रिकामा केला, कारण सगळे बघत होते.

संध्याकाळी दुसरा घाणा लागला. मावशीने फोडणीआधीच ठेचलेल्या गरातला एक वाडगा बाजूला काढला, त्यावर दही घातलं आणि सुनेला म्हणाली, "हाई पावनाकरता."

खळ्यात पाहुणा म्हणून मी एकटाच होतो.