प्रमाणपत्रवाले आठ जण

पहिलं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं चालू बिल, टाकून चार दिवस होतात न होतात तोच पत्र आलं. बिल थांबवलंय, कारण ‘टप्पानिहाय कुशल व अर्धकुशल कारागिरांची यादी प्रमाणपत्रांसह मंजुरीसाठी सादर केलेली नाही’. ही जानेवारी २०१९ची गोष्ट. जळगावपासून पाऊण तासावर एका केंद्रीय संस्थेच्या कर्मचारी वसाहतीचं काम आम्ही दोघा भागीदारांनी घेतलं होतं, साडेसहा कोटींच्या आसपासचं. जोत्यापर्यंत आलो होतो. टेंडर मी वाचलं होतं, पण सगळे वाचतात तसंच: अनामत, मुदत, दर, दंड. बाकीच्या पानांवर नुसत्या सह्या.

अट छापलेलीच होती, सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्रीय बांधकाम खात्याच्या, सर्वसाधारण अटींमधली. कामाच्या प्रत्येक टप्प्याला जेवढे कुशल-अर्धकुशल कारागीर लागतात, त्यातले किमान २० टक्के आयटीआयचं किंवा तशाच सरकारमान्य संस्थेचं प्रमाणपत्र असलेले हवेत. कोणत्या कामाला किती मनुष्यदिवस, कधी, आणि माणसं कोण, हे आधी लिहून मंजूर करून घ्यायचं. एखाद्याचं काम कच्चं निघालं तर नोटीस मिळाल्यापासून दोन दिवसांत माणूस बदलायचा. कमी पडेल त्या प्रत्येक कारागिरामागे दिवसाला १०० रुपये कापणार. पाच कोटींच्या आतल्या कामांना ही अट तेव्हा लागत नव्हती. माझी सोळा वर्षं शाळाखोल्या, गोडाऊन आणि लोकांचे बंगले बांधण्यात गेलेली, त्यामुळे तिची माझी गाठच पडली नव्हती.

धुळ्याच्या एका ठेकेदार मित्राला फोन केला. तो हसला. ‘स्लॅबच्या टप्प्याला तुझे चाळीस कारागीर, वीस टक्के म्हणजे आठ. एकही नसला तरी दिवसाला आठशे, महिन्याला चोवीस हजार. भरून टाक नि मोकळा हो.’ हिशोब चुकीचा नव्हता, आणि असा हिशोब करणारे पुष्कळ आहेत. पण दंड भरला तरी यादीची मंजुरी बाकीच राहणार होती, आणि तिच्याशिवाय ४१ लाखांचं बिल हलणार नव्हतं.

मग आयटीआय गाठली. तिथली मुलं इलेक्ट्रिशियन, वेल्डर, फिटर होतात आणि चाकण नाहीतर नाशिकच्या एमआयडीसीत जातात. गवंडीकामाचा कागद घेऊन साइटवर यायला तयार असलेला मुलगा मला मिळाला नाही. दोन इलेक्ट्रिशियन मात्र मिळाले. खुशीत त्यांची नावं घेऊन गेलो तर यादी मंजूर करणाऱ्या इंजिनिअर साहेबांनी ती पेन्सिलीनं खोडली. वायरिंगचा टप्पा यायला आठ महिने होते. टक्केवारी टप्प्याची असते, पूर्ण कामाची नाही. स्लॅबच्या वेळी माणसं गवंडी, सळईवाले, सेंट्रिंगवाले यांच्यातलीच लागणार.

मध्येच एक जण भेटला, ‘नुसती नावं द्या, आठ दिवसांत कागद देतो’ म्हणणारा. मोह झाला नाही असं सांगितलं तर खोटं ठरेल. एक रात्र विचार केला.

साहेबांनीच रस्ता सांगितला: आरपीएल. ज्याला काम येतं पण कागद नाही, त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आहे, आणि बांधकामाच्या हुद्द्यांना बांधकाम क्षेत्राची कौशल्य परिषद प्रमाणित करते. जिल्ह्यातलं एक प्रशिक्षण केंद्र आमच्या साइटवरच शिबिर लावायला तयार झालं. थोडी ओळख, मग तोंडी, लेखी आणि हातानं काम करून दाखवणं. परीक्षक बाहेरचा.

आता माणसं तयार करायची. आमचे नाना मिस्तरी साठीला टेकलेले, अर्ध्या तालुक्याच्या भिंती त्यांच्या ओळंब्यावर उभ्या. त्यांना परीक्षेचं सांगितलं तर थापी खाली ठेवून म्हणाले, ‘भाऊ, मना हातनी भीत कधी पडनी का? मंग परीक्षा कसानी?’ यावर मला उत्तर नव्हतं. त्या दिवसाची हजेरी पूर्ण धरीन म्हटल्यावर ते बसायला तयार झाले, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परीक्षेच्या नोंदणीत त्याहून जास्त वेळ आधारकार्डांनी खाल्ला. मस्टरवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. तिघांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. अंगठ्यावर करू म्हटलं, तर वर्षानुवर्षं सिमेंटमध्ये राबलेल्या हातांचे ठसे मशीन घेईना. नानांची दहाही बोटं फेल. तालुक्याला चकरा मारून नंबर जोडले, मग ओटीपीवर काम झालं. याच कागदांच्या नादात कळलं की आमच्या बिलातून कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर कापला जातो, आणि ज्यांच्यासाठी तो कापतात त्यातल्या एकाचीही बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी नाही. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायचा होता मी, आणि इतक्या वर्षांत एकदाही दिला नव्हता. त्या आठवड्यात सतरा दाखले लिहिले.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. चौदा जण बसले. नानांनी कोपरा उभा केला, परीक्षकानं गुण्या लावला, पाणसळ लावली आणि काही न बोलता पुढे गेला. प्लास्टरचा माझा सगळ्यात सफाईदार माणूस नापास झाला, कारण परांचीवर चढताना त्यानं सुरक्षेचा पट्टा बांधायला साफ नकार दिला. आणि आमचा सळईचा मुख्य फिटर, माझ्याबरोबर पहिल्या घरापासून असलेला, तोही नापास. १२ मिलिमीटर सळईचं मीटरला वजन किती, हे त्याला सांगता आलं नाही. तो बंडलावर हिशोब करणारा. त्यावर भागलं असतं. पण खांबाची रिंग वळवताना त्यानं टोकं काटकोनात दुमडली. परीक्षक म्हणाला, १३५ अंशांत आत वळव. फिटर म्हणाला, आम्ही असंच करतो. परीक्षकानं तीच रिंग हातात घेऊन दाखवलं: भूकंपात बाहेरचं काँक्रीट सुटलं की काटकोनातलं टोक उघडतं आणि उभ्या सळया मोकळ्या होतात, आत वळवलेलं टोक गाभ्यात अडकून राहतं. मी शेजारीच उभा होतो. ‘आम्ही’मध्ये मीही होतो.

अकरा जण पास झाले. प्रमाणपत्रं येईपर्यंत वेळापत्रकाचा घोळ निस्तरत होतो. मी जानेवारी ते जून सलग चाळीस कारागीर दाखवले होते, टेबलावर बसून. साहेब बाहेरचे, त्यांना काय माहीत. मला तर माहीत होतं ना? होळीच्या आधी भोंगऱ्या, म्हणजे आदिवासींचा सणाचा बाजार, लागला की सातपुड्यातली पावरा आदिवासी माणसं थांबत नाहीत, आणि थांबूही नयेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साइट ओस पडते. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, सालही आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला भिडतो, स्लॅब पहाटेच भरावा लागतो. तक्ता पुन्हा केला. होळीच्या पंधरवड्यात अठराच कारागीर दाखवले, म्हणजे प्रमाणपत्रवाले चार पुरे. जी माणसं येणारच नाहीत त्यांची टक्केवारी मी उगाच अंगावर घेत होतो. हा तक्ता साहेबांनी एका बैठकीत मंजूर केला आणि भोंगऱ्या म्हणजे काय ते दहा मिनिटं विचारत बसले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बिल निघालं. एप्रिलमध्ये पास झालेल्यांपैकी तिघे सुरतेच्या एका साइटवर गेले; कागद दाखवला तर रोज दीडशे जास्त मिळत होते. उचल फेडून गेले, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. राहिले बरोबर आठ. पुढचे तीन महिने त्यातला कुणी शिंकला तरी मी औषध घेऊन धावायचो.

फिटर ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षेला बसला आणि पास झाला. आता हेल्परांनी रिंग काटकोनात वळवली तर शिव्या घालतो. माझ्या स्वतःच्या घराच्या खांबांतल्या रिंगा २०११ मध्ये त्यानंच बांधल्यात. तो विषय आम्ही दोघं काढत नाही.