चार मिनिटांचा फोन

बेळगावात मी आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या पेशंटना घरी गेल्यावर खायचं कसं ते शिकवते. स्लीव्ह नावाच्या या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत वाटीभर पेजही एका दमात मावत नाही. बाळाच्या चमच्याने खायचं, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन. सांगायला सोपं आहे. पण घरात सासू ताटाशी बसून "एवढ्यानं काय होतंय गं, चार घास घे की" म्हणते, तिथं माझा तक्ता टिकत नाही.

खानापूरकडच्या एका बाईंचा फोन आला तो ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात. "मॅडम, खाल्लेलं राहीना झालंय." मी म्हटलं, सावकाश खा, नीट चावा, होतं सुरुवातीला. चार मिनिटांत फोन संपला. दिवसातून किती उलट्या, किती दिवसांपासून, काहीच विचारलं नाही.

सातव्या आठवड्यात त्या ओपीडीत आल्या, नवऱ्याच्या दंडाला धरून. पाय फाकवून टाकत होत्या, चालत्या एसटीत उभ्या असल्यासारख्या. नवरा म्हणाला, "अशक्तपणा आहे. गावच्या डॉक्टरांनी चार ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या, पण जास्तच झालं." मी पेन डोळ्यांसमोरून बाजूला नेलं, तर बुबुळं पेनामागे सरळ जाईनात, मध्येच थरथरत हिसके देत होती. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवेना.

हे व्हिटॅमिन बी-वन, म्हणजे थायमिन संपल्याचं लक्षण. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. रोज उलट्या, पोटात फक्त पॉलिशच्या तांदळाची पेज, मग राहणार कुठून? शिवाय साखर पचवायलाही शरीराला थायमिनच लागतं. म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूला इजा होते. ज्युनिअर डॉक्टर पुन्हा ग्लुकोजच लिहीत होते. मी त्यांचा हात अक्षरशः धरला आणि फिजिशियन सरांना बोलावलं. आधी शिरेतून थायमिन गेलं, मग बाकीचं.

नवऱ्यानं पिशवी टेबलावर ओतली. व्हिटॅमिनच्या डबीचं सील तसंच होतं. सूचनांचा कागद घडी न मोडलेला, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. बाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. सीमाभागात भाषेवरून एवढं रान उठतं, पण पेशंटच्या हातात तिला वाचता येईल असा कागद द्यावा हे कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

आमच्याकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं: "या बायका चावून खात नाहीत." एंडोस्कोपी झाली तेव्हा जठराची उरलेली नळी मधल्या वळणावर आवळलेली निघाली. फुग्याने ती रुंद केली आणि उलट्या थांबल्या. बाई तर पहिल्या दिवसापासून चावूनच खात होत्या.

डोळे दोन-तीन दिवसांत ताळ्यावर आले. चाल सुधारायला महिने लागले. आता मराठी कागद मी स्वतः लिहून काढलाय. त्यात पहिलीच ओळ ठळक आहे: दोन दिवस सलग उलट्या झाल्या तर फोनवर थांबू नका, या. आणि फोन आलाच तर मी आधी विचारते, सरळ चालता येतंय का, एकाचे दोन दिसतात का.

परवा त्या तपासणीला आल्या, एकट्या, खानापूरहून एसटीनं. मुलीनं लिहून दिलेली वही हातात होती, कारण त्या मधल्या आठवड्यांचं त्यांना फारसं आठवत नाही. वजन करून झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, घरातले म्हणतात मी तुम्हाला तेव्हा फोन केलता. खरं काय?"

"हो," मी म्हटलं. "केला होता. मीच नीट ऐकलं नाही."

त्यांनी वही उघडली आणि पेन मागितलं.