बोगद्याला तासभर, कारखान्यांना दहा मिनिटं

सोलमधले बाकीचे दिवस राजवाडे, बाजार आणि मेट्रोचे जिने चढण्या-उतरण्यात गेले. सगळं छान होतं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते डीएमझेडच्या सहलीबद्दल. त्या सहलीने काय दाखवलं यापेक्षा काय घाईघाईत मागे टाकलं, याचा राग अजून गेलेला नाही.

डीएमझेड म्हणजे दोन कोरियांमधला निर्लष्करी पट्टा. २७ जुलै १९५३ रोजी कोरियन युद्धात युद्धविराम झाला, दोन्ही सैन्यांनी आघाडीच्या रेषेपासून दोन-दोन किलोमीटर मागे हटायचं ठरलं आणि मधे चार किलोमीटर रुंद, सुमारे २४० किलोमीटर लांब पट्टा उरला. नाव निर्लष्करी, पण दोन्ही काठांवर सुरुंग, तारा आणि खडी फौज. शांतता करार आजही झालेला नाही. दक्षिणेकडून जाताना पट्ट्याच्या अलीकडेच नागरिकांना मज्जाव असलेला आणखी एक टापू लागतो. तिथे आपल्यासारख्या पर्यटकांना सहलीच्या बसनेच जावं लागतं, आणि खिशात पासपोर्ट हवा.

इम्जिन नदीवरच्या तोंगइल पुलाशी बस थांबली. एक सैनिक आत आला, इतका कोवळा की अजून कॉलेजात असावा असं वाटावं, आणि प्रत्येकाचा चेहरा पासपोर्टशी ताडून खाली उतरला. याच पुलावरून जून १९९८मध्ये ह्युंदाईचे संस्थापक चुंग जु-युंग ट्रकांमधून ५०० गुरं घेऊन उत्तरेत गेले होते आणि ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१. त्यांचं गाव उत्तरेत. तरुणपणी वडिलांनी गाय विकून ठेवलेले पैसे घेऊन ते घरातून पळाले होते. ती एक गाय हजार होऊन परत जातेय, असं ते म्हणत. मी खिडकीला नाक लावून बघत होते. गाइड बाईंनी मात्र पुलाचं नाव सांगितलं आणि लगेच बोगद्यात फोटो काढायला बंदी असल्याची सूचना सुरू केली.

बोगदा म्हणजे उत्तरेने दक्षिणेत शिरायला खणलेला तिसरा बोगदा, १९७८मध्ये सापडलेला, जमिनीखाली ७३ मीटर. त्याआधी एक फिल्म, मग हेल्मेट, मग लांबच लांब उतार, शेवटी पाठ वाकवून चालणं आणि समोरून येणाऱ्या घोळक्याला जागा देत भिंतीला चिकटणं. टोकाला काँक्रीटची भिंत. तिथून मागे फिरायचं आणि तोच चढ धापा टाकत चढायचा. दमट हवा, गर्दी, घामेजलेली हेल्मेटं. मला अजिबात आवडलं नाही. या सगळ्याला तास गेला.

मग दोरा निरीक्षण केंद्र, म्हणजे पलीकडचा उत्तर कोरिया बघायची जागा. "दहा मिनिटं," गाइड बाई म्हणाल्या.

गच्चीवरून समोर सगळा उत्तर दिसतो. जवळ गिजोंग-दोंग गावाचा १६० मीटर उंच ध्वजस्तंभ, त्यामागे झाडं नसलेले डोंगर, आणि दुर्बीण जरा डावीकडे वळवली की फिकट रंगाच्या बैठ्या इमारतींची रांग. गच्चीवरचा जवळजवळ प्रत्येक जण त्या झेंड्याचा फोटो काढत होता. त्या इमारती म्हणजे केसाँगची औद्योगिक वसाहत. मी सोलला आले होते तीच मुळात ती बघायला.

केसाँग शहर १९५०पर्यंत दक्षिणेत होतं. युद्धाने रेषा सरकली आणि ते पलीकडे गेलं. ह्युंदाईने २०००मध्ये उत्तरेशी करार केला आणि डिसेंबर २००४मध्ये पहिला माल बाहेर पडला: स्वयंपाकाची भांडी, जी सोलच्या एका मोठ्या दुकानात हातोहात खपली. भांडवल, यंत्रं आणि वीज दक्षिणेची. जमीन आणि हात उत्तरेचे. शेवटी १२४ कंपन्या आणि सुमारे ५४,००० कामगार तिथे होते, बहुतेक बायका. शिलाई, बूट, घड्याळं, सुटे भाग. दक्षिणेतले व्यवस्थापक सैन्याच्या परवानगीने, ठरल्या वेळी, जगातली सर्वांत कडेकोट सीमा ओलांडून कामावर जात.

तिथलं सगळं गोड नव्हतं, हेही खरं. सुरुवातीची किमान मजुरी महिना ५० डॉलर, तीही कामगाराच्या हातात नाही तर उत्तरेच्या सरकारकडे. रोख बक्षीस देता येत नव्हतं म्हणून मालक चोकोपाय नावाचे चॉकलेटचे केक वाटत, आणि ते उत्तरेच्या बाजारात चढ्या भावाने विकले जात. पगाराचे डॉलर अण्वस्त्रांकडे वळतात, हा आक्षेप सुरुवातीपासून होता. मला तो खोटा वाटत नाही. पण रोज शेजारी बसून शिवणाऱ्या आणि शिवून घेणाऱ्या माणसांनी एकमेकांचा जो परिचय मिळवला, तो कुठल्याच शिखर परिषदेने मिळवून दिला नव्हता, आणि तो मला डॉलरांच्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

इथला माल नक्की कोणत्या देशाचा, हा जगभरच्या करारांत वाद होता. भारताने दक्षिण कोरियाशी केलेला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात केसाँगच्या ठरावीक मालाला दक्षिण कोरियाचा माल मानायची तरतूद आहे. अमेरिकेने तसं मानलं नाही, आपल्या करारात फक्त एक समिती नेमायचं लिहिलं. म्हणजे एकाच शिलाई मशीनवरचा शर्ट कुठल्या बंदरात उतरतो यावर त्याचा देश ठरणार.

२०१३मध्ये उत्तरेने कामगार काढून घेतले आणि वसाहत पाच महिने बंद पडली. जानेवारी २०१६मध्ये उत्तरेची अणुचाचणी झाली, फेब्रुवारीत रॉकेट उडालं, आणि १० फेब्रुवारीला दक्षिणेने काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी उत्तरेने सगळ्यांना बाहेर काढलं आणि मालमत्ता गोठवली. केसाँगमधलं दोन्ही कोरियांचं संपर्क कार्यालय २०१८मध्ये उघडलं आणि जून २०२०मध्ये उत्तरेने स्फोटाने पाडलं.

बसमध्ये परतल्यावर मी गाइड बाईंना म्हटलं, "कारखान्यांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"लोक विचारत नाहीत," त्या म्हणाल्या. मग माइक बंद करून माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि २०१६ची ती रात्र सांगू लागल्या. टीव्हीवर एकामागून एक गाड्या पुलाकडे येताना दिसत होत्या, टपावर, डिकीत, मागच्या सीटवर कोंबलेली गाठोडी, तयार माल जेवढा मावेल तेवढा. यंत्रं तिकडेच राहिली. त्यांच्या ओळखीच्या एका शिलाई कंपनीची मागणी पुरी करायची राहिली आणि कंपनी बुडाली. त्या सांगत होत्या तेव्हा त्यांचा सूचना देणारा आवाज पार गेला होता. मला वाटलं, हेच माइकवर सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट त्या माइकवर आली नाही, आणि ती मला मराठी म्हणून लागली. याच पट्ट्यात, युद्धविरामावर सह्या झाल्या त्या पानमुनजॉमजवळ, १९५३-५४मध्ये भारतीय सैन्याची छावणी होती, हिंद नगर नावाची. मायदेशी जायला नकार देणाऱ्या २२,०००हून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारताकडे होता. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि तिथल्या फौजेचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरने थेट पट्ट्यात उतरवावं लागलं. कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. बसमधल्या भारतीयांना हे कळलं असतं तर त्यांनी झेंड्याचे फोटो काढून झाल्यावर समोरच्या पट्ट्याकडेही पाहिलं असतं.

जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी या सहली नसतात. अर्ध्या दिवसाच्या सहलींमध्ये सगळा भर बोगद्यावर असतो. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर खुशाल वरच थांबा, काही चुकत नाही. आणि तिकीट काढण्याआधी दोरा निरीक्षण केंद्रात किती वेळ देणार ते विचारा. दहा मिनिटं म्हणाले तर दुसरी बस शोधा.