तुम्ही विचारलंत म्हणून : मी स्टेशनवर का जात नाही

दर वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा, सून आणि नात इंदूरहून पुण्याला परत निघतात, रिक्षा दाराशी येते, शेजारची दोन मुले सामान उचलायला धावतात, आणि मी उंबऱ्याच्या आत उभी राहून तिघांच्या हातावर दही घालते व तिथूनच मागे फिरते. नऊ वर्षे हे असे चालले आहे आणि नऊ वर्षे समोरच्या काकू, भजनी मंडळातल्या मैत्रिणी व माझी धाकटी जाऊ आळीपाळीने एकच गोष्ट विचारत आहेत : “तुम्ही स्टेशनवर का हो जात नाही? रामबागेतून स्टेशन ते किती लांब!” यंदा तर रिक्षावाल्यानेही विचारले. तेव्हा एकदाच नीट लिहून टाकावे असे ठरवले, कारण आजवर मी या प्रश्नाला जी उत्तरे दिली ती सगळी अर्धी होती आणि त्यांतल्या एका उत्तराने दुसऱ्याच व्यक्तीवर अन्याय झाला आहे.

पहिले उत्तर पाण्याचे. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. खंडव्याहून लग्न होऊन मी या घरात आले त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून आणलेले ते पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड येते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बोरिंगने मान टाकलेली असताना ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी घरच्या बाईने घर सोडायचे नसते. हौद, टाकी, पिंप, तांब्याची घागर, आणि मग उरलेल्या धारेत कूलरची टाकी धुणे, हे सगळे तासाभरात उरकावे लागते. हे खोटे नाही. परंतु मुलगा दर वर्षी नेमका पाण्याच्या दिवशीच निघतो असे कसे, हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून ते उत्तर इतकी वर्षे टिकले.

दुसरे उत्तर कामाचे. मे संपता संपता माझ्या घरात किती कामे अंगावर येतात हे बाहेरून दिसत नाही. वर्षाचा लोकवन गहू ऊन दाखवून, एरंडेल चोळून कोठीत भरलेला असतो, परंतु डाळी राहिलेल्या असतात. कुरडया आणि सांडगे डब्यांत गेलेले असतात, परंतु गाद्या गच्चीवर असतात. मृग लागायच्या आत कैऱ्या फोडून आणायच्या असतात, आणि दुपारी चारला वीज चमकली की वाळवण आधी उचलावे की गाद्या, हे गुडघ्यांना विचारून ठरवावे लागते. त्यातच पाहुणे जाण्याचा दिवस. वाटेसाठी दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, सुनेला हवी असलेली लवंगी शेव, जिरावन मसाल्याची पुडी. पुण्याची गाडी निघते तीच मुळी उलट्या दिशेने. आधी देवास, उज्जैन, रतलाम, मग बडोदा, सुरत असा सगळा गुजरात फिरून दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून डबे दोन वेळचे द्यावे लागतात. इतके करून थकलेल्या बाईने फलाटावर धक्के खायला कशाला जावे? हेही उत्तर चालून जाते. मात्र मीच लहानपणी छोट्या लाईनच्या गाडीने आजोळाहून खंडव्याला परतत असे तेव्हा सगळे घर स्टेशनवर येई, पाताळपाणीचा घाट येईपर्यंत माझे रडणे थांबलेले नसे, आणि पोहोचवायला कोण आले होते आणि कोण नाही हे मला पुढचा उन्हाळा येईपर्यंत पाठ असे. रीत मला ठाऊक नाही, असे कोणी समजू नये.

तिसरे उत्तर मी फक्त दोघीतिघींना दिले, तेही पाच-सहा वर्षांपूर्वी, अधिक महिन्यातल्या कुठल्याशा भजनानंतर. मी म्हणाले होते, “सून स्टेशनवर एकदा सगळ्यांदेखत बोलली मला. तेव्हापासून मी जात नाही.” ही गोष्ट पुढे किती घरांत गेली ते मला माहीत आहे, कारण त्यानंतर सून आली की काही जणी तिच्याशी जरा तुटक बोलू लागल्या आणि ती बिचारी मला विचारीत राहिली की आपले काही चुकले का. मी म्हणाले, “छे, तुझा भास आहे.” म्हणजे तिच्यावर एकूण दोन वेळा अन्याय.

आता त्या दिवसाचे सांगते.

त्या वर्षीच्या थंडीत हे गेले. त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. मुलाने मे महिन्यात नातीला माझ्याकडे एकटीला ठेवले. तो आणि सून जूनमध्ये तिला न्यायला येणार होते. ती सहा वर्षांची होती, पंधरा जूनला पहिलीत जायची होती. आईवडिलांविना ती रडेल अशी सगळ्यांना भीती होती, तिने दुसऱ्या दिवशी रात्री फक्त एकदा विचारले, “आई कधी येणार?” आणि मग जी रुळली ती अशी की आठवड्याभरात “आजी, अपन उद्या पोहे-जिलबी खाऊ” असे इंदुरी बोलू लागली. दुपारी घर तापे, परंतु माळव्याची रात्र उतरली की गच्चीवर गार वारा सुटतो. आम्ही दोघी तिथे झोपत होतो. यांची खाट रिकामी होती, ती तिने स्वतःसाठी घेतली. या घरात पाच महिन्यांनी कोणीतरी रात्री माझ्याशी बोलत होते, हे सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही, आणि सांगितल्यावर तो बहाणा वाटेल, हेही मला कळते.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघत असू. वाटेत तिच्या बाबाची शाळा लागते. एके दिवशी फाटकाशी थांबून मी तिला म्हणाले, “राहतेस का इथेच माझ्याजवळ? याच शाळेत तुझे नाव घालू.” तिने डोळे मोठे करून “खरंच?” असे विचारले, आणि मी “खरंच” म्हणाले. मुलांशी आपण असे बोलतोच. “तुला वाण्याला देऊन टाकू” असेही म्हणतो आणि कोणी देत नाही. हे माझे अनेक वर्षांचे समर्थन आहे आणि ते एकदाच म्हटले असते तर टिकलेही असते. परंतु मी ते एकदाच म्हटले नव्हते. त्यानंतर रोज त्या फाटकाशी आमचे तेच बोलणे होऊ लागले : डबा कोणता न्यायचा, वेणी दोन घालायच्या की एक, पाऊस आला तर आजी छत्री घेऊन फाटकाशी उभी राहणार. एके रात्री गच्चीवर ती म्हणाली, “आईला कोण सांगणार?” आणि मी म्हणाले, “मी सांगते, तू नको सांगूस.” हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिते आहे.

निघायच्या दिवशी तिची चपल सापडेना. सुनेने पलंगाखाली पाहिले, मुलाने जिन्यात पाहिले, गाडीची वेळ होत आली, तेव्हा तिला माझ्या न्हाणीतल्या स्लिपरा घालून रिक्षात बसवले. ती शांत होती. मला वाटते, मी स्टेशनवर पोहोचल्यावर सांगणार आहे अशी तिची खात्री होती.

फलाटावर गाडी लागलेली होती. मुलगा सामान वर चढवत होता. सून तिला कडेवर घेऊ लागली तशी तिने बाकाचा लोखंडी पाय दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “मी नाही येत. आजीने माझं इथल्या शाळेत नाव घातलंय.” आधी सगळे हसले. मग ती ओरडू लागली. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले, कुली बाजूने वळसा घालून जाऊ लागले. सून खाली बसून तिची बोटे एकेक करून सोडवत होती आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “आजी, तू सांग ना. तू म्हणालीस तू सांगशील.” तेव्हा सुनेने मान वर करून मला विचारले, “आई, तुम्ही तिला असं काही म्हणाला होतात का?”

इतकेच. हाच तो ‘सगळ्यांदेखत बोलली’चा प्रसंग. आवाज चढलेला नव्हता. तिच्या कपाळावर घाम होता, गाडी सुटायला सात-आठ मिनिटे होती, आणि मुलीला समजावायला नेमके काय घडले आहे हे तिला कळणे जरूर होते. म्हणून तिने विचारले. मी म्हणाले, “छे गं, मी कशाला म्हणेन? मुलांच्या डोक्यात काय काय येतं.”

मुलगा दारातून उतरला, तिला उचलत म्हणाला, “खोटं बोलायचं नाही हं, आजीचं नाव घेऊन.” आणि ती गप्प झाली. एकदम. हुंदकाही नाही. तिने बाक सोडला होता, हात तसेच पुढे होते. खिडकीशी बसवल्यावर सून तिला म्हणाली, “आजीला टाटा कर,” तर तिने केला नाही. परंतु दुसरीकडेही पाहिले नाही. गाडी हलेपर्यंत ती माझ्याकडेच पाहत होती. मुलाने नंतर फोनवर कौतुकाने सांगितले की रतलामपर्यंत एका शब्दाचा त्रास दिला नाही.

चपल सापडली दिवाळीच्या आधी. कोठीतला गहू खाली गेला तेव्हा हाताला पट्टा लागला. दोन्ही पाय नीट एकाशेजारी एक ठेवून वर गहू लोटलेला होता. मी तेवढा गहू धुऊन, वाळवून दळायला पाठवला आणि चपल कामवालीच्या नातीला देऊन टाकली. मुलाला किंवा सुनेला कळवले नाही. कळवले असते तर ती खोटे बोलत नव्हती, खरोखरच राहायला निघाली होती, एवढे तरी सिद्ध झाले असते.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही कबूल केलेत? हा प्रश्न मी स्वतःला विचारून थकले आहे, आणि त्या वेळची मी मला दर वेळी तेच उत्तर देते : फलाटावर ‘हो’ म्हटले असते तर पुढच्या उन्हाळ्यात सुनेने मुलीला माझ्याकडे एकटीला ठेवले असते का? नसते ठेवले. मी ‘नाही’ म्हणाले म्हणूनच ती पुढची चार वर्षे पूर्ण मे महिना इथे राहिली, गच्चीवर झोपली, कुरडयांचा चीक पळवून खाल्ला, सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला भुट्ट्याचा कीस खाल्ला. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी त्या बाईला म्हणते की तू नातीला खोटे पाडून हे उन्हाळे मिळवलेस. ती म्हणते की मग तेव्हा नको म्हणायचे होतेस, चारही वर्षे चीक तूच काढून ठेवत होतीस.

तर स्टेशनवर मी न जाण्याचे कारण सून नाही. ज्यांना मी तसे सांगितले होते त्यांनी हे वाचून तिच्याशी नीट बोलावे, ही माझी विनंती आहे. मी जात नाही, कारण त्या खिडकीतून नात पुन्हा कशी पाहील ते मला पाहायचे नाही. ती दहा वर्षांची असताना गच्चीवर एकदा मी विचारले होते, “तू लहान असताना स्टेशनवर फार रडली होतीस, आठवतं का गं?” तिने विचारले, “कोणत्या वर्षी?” मी म्हणाले, “असंच, एकदा.” तिने कूस बदलली. तिला खरेच आठवत नव्हते की तिने मला सोडून दिले, हे मला ठरवता आलेले नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झालेला नाही.

यंदा तिचे दहावीचे वर्ष. बाराच दिवस राहिली, त्यातले निम्मे पुस्तकात. निघायच्या दिवशी दही घेतले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “आजी, चल ना स्टेशनवर.” मी सवयीने म्हणाले, “अगं, आज पाण्याचा दिवस.”

“पाणी काल आलं होतं,” ती म्हणाली. “मीच टाकी भरली.”

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी म्हणाले की कैऱ्या फोडून आणल्या आहेत, त्यांना आत्ताच मीठ-हळद लावली नाही तर काळ्या पडतील. ती “बरं” म्हणाली आणि जाऊन रिक्षात बसली. कैऱ्या खरोखरच आणलेल्या होत्या. राजापुरी, पाच किलो, सकाळीच. हवे तर समोरच्या काकूंना विचारा, त्यांच्या माझ्याबरोबरच आणल्या होत्या.