माळटिटवीच्या विणीच्या दिवसांत राजापूरचा सडा

एप्रिलच्या अखेरीस आम्ही तिघे राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गेलो. भार्गवराम मंदिरापाशी गाडी ठेवून पाखाडीने (दगडी पायवाटेने) वर आलो, तेव्हा पुरते उजाडले नव्हते आणि रातवा या निशाचर पक्ष्याची हाक अजून ऐकू येत होती. येथे येणारे बहुतेक जण कातळशिल्प पाहून परततात. आम्ही मात्र पक्ष्यांसाठी थांबलो.

जांभ्याचा असा उघडा कातळ सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, म्हणून नोंदलेला असतो. प्रत्यक्षात मलबारी चंडोल, रातवा आणि माळटिटवी हे पक्षी याच जमिनीवर अंडी घालतात. एक माळटिटवी ओरडत आमच्याभोवती फिरू लागली, म्हणून आम्ही जागीच थांबलो, आणि जेमतेम दहा पावलांवर खड्यांच्या रंगाची चार अंडी दिसली. मागे सरून दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा ती परत येऊन अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात या पक्ष्याला अंडी उबवण्याइतकेच ती उन्हापासून वाचवावीही लागतात. त्यासाठी तो पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतो. आपण छायाचित्रासाठी तेथे रेंगाळलो, तर तापलेल्या कातळावरची अंडी उघडी पडून आतला जीव दगावू शकतो. माझ्या मते पर्यटकांनी जाणून घ्यावी अशी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

चिरेखाणी, तसेच आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून केलेले खड्डे आणि त्यांत बाहेरून आणून भरलेली माती यांमुळे कोकणातील सडे झपाट्याने बदलत आहेत. वणव्यांत गवताच्या बुडाशी असलेली चंडोलाची घरटीही जळतात. 2022 मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली, याचा आनंद आहेच. पण शिल्पाभोवतीच्या कातळालाही तेवढेच संरक्षण हवे, असे मला मनापासून वाटते.

येऊ इच्छिणाऱ्यांनी आदल्या रात्री राजापुरात मुक्काम करावा, कारण राजापूर रोड स्थानक शहरापासून बरेच दूर आहे. वर सावली आणि पाणी दोन्ही नाही, त्यामुळे पाणी सोबत घ्यावे आणि नऊच्या आत खाली उतरावे. गाडी कातळावर नेऊ नये, मळलेली वाट सोडू नये आणि टिटवी ओरडू लागताच पायाखाली पाहत आल्या वाटेने मागे फिरावे. घरट्याचे ठिकाण कोणालाही कळवू नये. आम्हीही ते येथे दिलेले नाही.